चाकांवरची खोली

अजीजचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. तो जे बोलला ते ऐकून सुरी तशीच हातात राहिली.

"विभावरी मॅडम, एक जुनी कॅरव्हान बघायचीय. आतला प्लॅन बरोबर आहे का, कुठं सडलीबिडली आहे का, माणूस आत नीट राहील का, एवढं फक्त सांगा. अम्मीसाठी घेतोय. अंगणात ठेवणार."

कॅरव्हान म्हणजे गाडीमागं जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली. गोरे लोक सुट्टीत समुद्रावर नेतात ती. आणि त्यात हा आपल्या सत्तर वर्षांच्या आईला ठेवणार! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, वा रे वा, म्हातारीला घराबाहेर काढायचं आणि वर माझा शिक्का हवा.

तरी हो म्हणाले. खरं सांगायचं तर तीन महिने मला कुणी काहीच विचारलं नव्हतं. दुबईत बारा वर्षं मी लोकांच्या व्हिलांचे आतले प्लॅन केले, कुणाचा पलंग कुठं आणि कुणाचं कपाट कुठं ते ठरवलं. २००८च्या नोव्हेंबरात आमच्या फर्मनं एका दुपारी अख्खा मजला रिकामा केला. तेव्हापासून जुमेरा लेक टॉवर्समधल्या फ्लॅटमध्ये बसून मी घरातल्या भिंतींची मापं घेत होते आणि नवऱ्याच्या, चारुदत्तच्या, प्रत्येक वाक्यात चूक काढत होते. अजीज आमच्या साइट्सना मालाचे ट्रक पुरवायचा, कधी शब्द फिरवला नाही. त्याला नाही कसं म्हणणार?

"जाते, बघते आणि नापास करून येते," मी चारुदत्तला सांगितलं.

"बघायच्या आधीच निकाल?" तो म्हणाला.

"आईला अंगणात ठेवणाऱ्याला बघायचं काय असतं?"

सोबत दत्तारामला घेतलं. दत्ताराम राजापूरचा सुतार, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या फर्निचरच्या कारखान्यात फोरमन. आता तिथं आठवड्यातून तीनच दिवस यंत्रं चालायची, त्यामुळे त्यालाही हात शिवशिवत होतेच. लाकडाला नुसती टिचकी मारून तो आत काय झालंय ते सांगतो. सांगतो पण असं, की जणू ते लाकूड त्याचा नालायक पुतण्या आहे.

खोर फक्कानला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. अजीजचं घर जुनं अरबी पद्धतीचं: उत्तरेला घर, त्याच्या पुढं दक्षिणेला वाळूचं अंगण, आणि अंगणाच्या टोकाला गल्लीत उघडणारं फाटक. कॅरव्हान फाटकाबाहेर गल्लीतच उभी होती. पोर्टवरचा कुणी इंग्रज साहेब नोकरी सुटली म्हणून रविवारी मायदेशी निघाला होता. बारा हजार दिरहम मागत होता, म्हणजे आपले दीड लाखाच्या वर. चाव्या त्यानं सकाळीच अजीजकडं देऊन ठेवल्या होत्या. आणि तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर, साधारण चारला, फुजैराहून दुसरं गिऱ्हाईक यायचं होतं.

"आज ठरलं नाही तर गेली हातची," अजीज म्हणाला.

"एवढी काय घाई? अम्मींना घरात जागा नाही?" मी फाडकन विचारलं.

तो वरमला आणि सांगू लागला. डिसेंबरात त्याच्या थोरल्या भावाची दुबईतली नोकरी गेली, कंपनीचं घर गेलं, तो बायको आणि चार मुलं घेऊन इथं आला. आता घरात अकरा माणसं. अम्मीनं आपली खोली त्यांना दिली आणि स्वतः हॉलमधल्या दिवाणावर आली, टीव्ही आणि चपलांच्या रॅकच्या मधोमध.

"बरं, बघू," मी म्हणाले. मनातलं नापास अजून तसंच होतं.

आत शिरायला गेले तर आतून आवाज आला, "पायरी हलते, बाय. जपून."

अजीजच्या अम्मी, मैमुनाबी, आधीच आत होत्या. ठेंगणी मूर्ती, जाड चष्मा, एका हातात काठी, दुसऱ्या हातानं त्या एकेक कपाट उघडून आत डोकावत होत्या. मूळच्या हर्णैच्या. चाळीस वर्षं झाली इथं येऊन, पण बोलणं अजून बंदरावरचं.

"हे काय गो? ह्या फळीला कडी कशाला?"

"गाडी चालताना भांडी पडू नयेत म्हणून, मावशी."

"आणि हे?" त्यांनी टेबल उचललं, ते खटकन भिंतीत गेलं. त्या हरखल्या. परत काढलं, परत घातलं. "शहाणा दिसतो करणारा! आणि संडास?"

मी दार उघडून दाखवलं. त्या आत जाऊन दार लावून बसून पाहून आल्या. "गुडघे लागत नाहीत," असा निर्णय दिला. मग मला म्हणाल्या, "इथं खिडकीला पडदा होता. साहेबाच्या बायकोनं काढून नेला. हुक ठेवलेत, ते बरं केलं."

मला काही कळेना. मी हळूच विचारलं, "मावशी, तुम्हाला खरंच इथं राहायचंय? की अजीज म्हणतो म्हणून?"

"अजीज?" त्या हसल्याच. "तो कुठला म्हणतोय! साहेबाच्या घरी काम करणारी कावेरी मला दवाखान्यात भेटली, तिनं सांगितलं गाडी विकायचीय. तेव्हापासून मी ह्याच्या मागं लागलेय. तो म्हणतो, लोक काय म्हणतील, आईला अंगणात ठेवली. शेवटी म्हणाला, एखाद्या जाणकार बाईला दाखवतो, ती हो म्हणाली तर घेऊ."

माझं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं असणार. सबंध वाटभर मी त्या पोराला मनात शिव्या घालत आले होते आणि इथं वादी-प्रतिवादीच उलटे!

"आणि मी नाही म्हणाले तर?"

"तर दिवाण आहेच," मैमुनाबी म्हणाल्या. "डिसेंबरापासून एकही बाई माझ्याकडं बसायला आली नाही, बाय. बसवू कुठं? टीव्हीपुढं? मन मोकळं करायचं तर दार लागतं. हॉलला दार नसतं."

त्यानंतर मी जी कामाला लागले, ती नापास करायला नव्हे. पण पास करायचं म्हणून डोळेझाक करण्यातली मी नाही. उद्या म्हातारीचा पाय फळीतून खाली गेला तर?

दत्ताराम तोवर छतावर चढून आला होता. "सांध्यांवरचा लेप उन्हानं तडकलाय, म्याडम. नवा भरायला हवा. एसी चालतो, आवाज पिठाच्या गिरणीचा. टायर बाद, पण हिला लांब चालायचंय कुठं?" मग आत येऊन भिंतींना टिचक्या मारत फिरू लागला. टक, टक, टक. पुढच्या खिडकीखाली आवाज बसका आला. त्यानं कान लावला, परत टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं.

"इथं पाणी मुरलंय. हा बघा, बाहेरून गोरागोमटा आणि आतून भुसा." पटाशीचं टोक लावलं तर ते बोटभर आत गेलं.

मैमुनाबी माझ्याकडं बघत राहिल्या.

"जमीन बघ," मी म्हणाले.

दत्ताराम गुडघ्यावर बसला, इंच न् इंच ठोकत मागच्या टोकापर्यंत गेला, गाडीखाली पालथा पडून टॉर्च मारून आला. मी नुसती उभी. एवढी उत्सुकता मला पूर्वी कुणाच्या पंधरा खोल्यांच्या व्हिलाची वाटली नव्हती.

"जमीन ठणठणीत," तो कपडे झटकत म्हणाला. "सांगाडा पण. खिडकीखालचं दोन हात काढून पाण्यानं न फुगणारं मरीन प्लाय घालू. दोन दिवसांचं काम."

"या खुदा," मैमुनाबी पुटपुटल्या.

राहिला प्लॅन. आपल्याकडं घर बांधायच्या आधी जमिनीवर फक्कीनं आखणी करतात ना, तशी मी प्रत्येक कामात करायचे. कागदावर सगळंच मावतं, माणूस मावतो की नाही ते चालून बघावं लागतं. गाडीत जिप्समची अर्धी पिशवी होती. फाटकातून कॅरव्हान सरळ आत ढकलली की जशी उभी राहील, तशी दक्षिणोत्तर, मी अंगणात पूर्ण मापात आखली. उत्तरेच्या टोकाला पलंग, मागच्या टोकाला संडास, एका बाजूला सोफा, समोर ओटा, मधे पाऊण मीटरची वाट.

"चला मावशी, एक दिवस राहून दाखवा."

त्या राहिल्या की! पलंगावरून उठल्या, काठी घेऊन संडासला गेल्या, ओट्यापाशी चहा टाकला, सोफ्यावर बसून प्यायला. कुठं काठी अडली नाही, कुठं कोपर लागलं नाही. माझी छाती फुगली. वहीत लिहिलंसुद्धा: प्लॅन योग्य.

तेवढ्यात अजान झाली.

मैमुनाबी घरात जाऊन हातपाय-तोंड धुऊन, वजू करून आल्या. येताना एक बुटकं स्टूल आणलं. गुडघ्यांमुळं त्या स्टुलावर बसून नमाज पढत. फक्कीच्या रेघांच्या आत आल्या, डोंगराच्या दिशेला, पश्चिमेला, मक्केकडं वळल्या, स्टूल ठेवलं आणि थांबल्या.

पुढं ओटा होता. स्टूल मागं सरकवलं, तर सोफा. पाऊण मीटरच्या वाटेत आडवं स्टूल, त्यावर माणूस, पुढं गुडघे आणि वाकायला जागा? कसं बसणार! पलंग पाहिला, संडास मोजला, चहासुद्धा करून झाला. पण ही बाई दिवसातून पाच वेळा पश्चिमेला तोंड करून बसते, हे मला सुचलंच नव्हतं. माझ्या बारा वर्षांच्या वह्यांमध्ये ह्याला कधी रकानाच नव्हता. लाज वाटली मला, अगदी कानापर्यंत.

"हर्णैला मी दर्याकडं तोंड करून पढायची," त्या कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या. "इथं दर्या पाठीशी. ते जमवलं. पण हे नाही जमायचं, बाय."

"सोफा काढ रे," मी दत्तारामवर ओरडले.

"त्याच्याखाली चाकाची कमान आहे, म्याडम. ती कुठं काढू?"

अजीज घराच्या पायरीवरून म्हणाला, "अम्मी, राहू दे ना. नमाजला घरात येत जा."

"घरात कुठं? दिवाण आणि चपलांच्या मधे?" मैमुनाबींचा आवाज पहिल्यांदा चढला.

दत्ताराम डोकं खाजवत होता. "तुम्ही ती सरळच का उभी करताय पण? हिला मधोमध दोनच चाकं आहेत. पुढचा टेकू सोडला की सहा माणसं जागच्या जागी फिरवतील. पूर्व-पश्चिम करा."

मी मट्ठच होते बहुतेक. खोल्या हलत नाहीत, ही मला बारा वर्षांची सवय! भराभरा जुन्या रेघा पायानं पुसल्या, नव्या आखल्या. आता मधली वाट सबंध लांबीभर पश्चिमेला धावत होती. मैमुनाबींनी स्टूल ठेवलं. पुढं दोन मीटर रिकामी वाळू. त्या बसल्या, नमाज सुरू केली. आम्ही तिघं बाजूला उभे राहिलो.

नमाज झाल्यावर प्रश्न उरला तोंडाचा, कारण दार एकाच कुशीला, डावीकडं. तोंड पूर्वेला केलं तर कॅरव्हानचं दार घराकडं येणार, पश्चिमेला केलं तर फाटकाकडं.

"घराकडं," अजीज लगेच म्हणाला. "किचनच्या खिडकीतून दार दिसेल. काही झालं तर आम्ही आहोत."

"फाटकाकडं," मैमुनाबी म्हणाल्या.

"अम्मी, आमच्याकडं पाठ?"

"पाठ नाही रे. माझ्याकडं कोण आलं, किती वेळ बसलं, काय बोललं, सगळं सगळ्यांना दिसतं. आधी तुझ्या दादीला दिसायचं, मग तुझ्या बापाला, आता सुनांना. तुम्ही चांगले आहात, वाईट कुणीच नव्हतं. पण कुणाला न दिसणारं दार मला आजवर एकदाही मिळालं नाही. जाताना तरी मिळू दे."

अजीजनं माझ्याकडं बघितलं. जाणकार बाई मी ना!

"फाटकाकडं," मी म्हणाले. "माझ्या रिपोर्टात तसंच लिहिणार आहे."

त्यानं साहेबाला फोन लावला. "यस सर. खलास, घेतली." मग गल्लीतल्या पठाण टायरवाल्याची माणसं बोलावली. 'यल्ला, यल्ला' करत सहा जणांनी ती आत घेतली, फिरवली, आणि दत्तारामनं चाकांना विटा लावल्या. दार फाटकाकडं.

अजीजनं जुडग्यातली एक चावी काढून आईला दिली, दुसरी आपल्या खिशात टाकली. मैमुनाबींचा हात पुढंच राहिला.

"ती पण."

"अम्मी, तू पडलीस-बिडलीस तर?"

"हाक मारीन."

"आणि मला आत यायचं असलं तर?"

मैमुनाबींचा हात तसाच. शेवटी त्यानं खिशातली चावी काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्या काठी टेकत हलती पायरी चढल्या, आत गेल्या, आणि दार लावलं. आतून कडी सरकल्याचं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.

अजीज वाळूत उभा होता. बायको किचनमधून विचारत होती काय झालं. तो दोन पावलं पुढं झाला आणि बोटाच्या पेरानं, अगदी हळू, दार वाजवलं.

आतून काठीची टकटक दारापर्यंत आली.

"कोण आहे?" मैमुनाबींनी विचारलं.