बसवलेला आवाज

दातांच्या डॉक्टरांनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी स्वतः गाणं रेकॉर्ड करायचं मनावर घेतलं, तेव्हा त्यांच्या बायकोने एवढंच विचारलं, "कोणत्या खोलीत?" पाहुण्यांची खोली गेली. भिंतींना गाद्या लागल्या, कपाटात चादरींऐवजी वायरी आल्या आणि पाहुणे हॉलमध्ये झोपू लागले.

गाणं डॉक्टरांच्या थोरल्या बहिणीचं होतं. ताई प्राथमिक शाळेतून नुकतीच निवृत्त झाली होती. शब्द तिचे, चाल तिची, आवाजही तिचाच. तीस वर्षं माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला. ती एका दुपारी आली, पाणी प्यायली, डॉक्टरांच्या गिटारीबरोबर दोनदा गायली आणि "झालं ना? मग निघते मी" म्हणून घरी गेली. तिचा झाला एक ट्रॅक.

पुढच्या चार महिन्यांत डॉक्टरांनी ट्रॅकची संख्या एकोणचाळीसवर नेली. संगणकातली व्हायोलिनं आली, टाळ्या आल्या, खुळखुळे आले. अकरा ट्रॅक नुसते गिटारचे होते, कारण गिटार ते स्वतः वाजवत. एक डाव्या कानात, एक उजव्या, एक मधली जागा भरायला आणि एक त्या मधलीला सोबत म्हणून. सगळं एकदम लावलं तेव्हा व्हायची ती गर्दी झाली. ताईचा आवाज आणि गिटारी स्वरांच्या एकाच पट्ट्यात धक्काबुक्की करत होत्या. कुणाला तरी मागे सरकणं भाग होतं. डॉक्टरांनी ताईला सरकवलं. मागे गेल्यावर ती कोरडी वाटायला लागली, म्हणून वरून घुमारा चढवला.

श्रोत्यांच्या प्रतिक्रिया घेतल्याशिवाय मिक्सिंग, म्हणजे सगळे ट्रॅक एकमेकांत बसवणं, पुरं होत नाही, हे त्यांनी एका व्हिडिओत ऐकलं होतं. श्रोते त्यांना आयते मिळत. रोज चौदा जण, खुर्चीत आडवे, तोंड उघडं. दाढ कोरता कोरता ते गाणं लावत आणि विचारत, "कसं वाटतंय?"

"आ," पेशंट म्हणे.

"आवडलं ना?"

"आ."

तीन आठवड्यांत अडीचशे जणांना गाणं आवडलं. दोघांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. त्या दोघांच्याही दाढेला इंजेक्शन नीट लागलं नव्हतं, हे एकोणीस वर्षं शेजारी उभ्या राहणाऱ्या मदतनीस बाईंना दिसत होतं. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग एक लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आला. डॉक्टर हातमोजे चढवत होते आणि गाणं चालू होतं. तो खुर्चीत अर्धवट उठून कान देऊन बसला.

"डॉक्टर, मागच्या खोलीत कुणी अडकलंय का?"

"नाही. का बरं?"

"बाईमाणसाचा आवाज येतोय. बंद पडलेल्या लिफ्टमधून येतो ना, तसा. माझं रोजचं काम आहे, मला लगेच कळतो."

बाईंनी ट्रे उचलण्याच्या निमित्ताने पाठ फिरवली.

"ते गाणं आहे," डॉक्टर म्हणाले. "मी केलेलं."

"अच्छा," तो पुन्हा आडवा झाला. "म्हणजे बाई गाण्यातच आहे."

त्या दिवशी डॉक्टरांनी उरलेल्या दाढा गाणं न लावता कोरल्या. घरी आल्यावर बायकोला म्हणाले, "लिफ्टवाल्याला संगीतातलं काय कळतंय?"

"कळत नाही म्हणूनच त्याला ऐकू आलं असेल," ती म्हणाली.

रविवारी त्यांनी ताईला बोलावलं आणि तिला हेडफोन दिला. तिने गाणं शेवटपर्यंत ऐकलं. "चांगलं आहे रे. आता माझं लाव."

"ताई, हेच तुझं."

"मग मी कुठंय?"

"तू मिक्समध्ये आहेस. व्यवस्थित बसवलंय तुला."

"बसवलंय की पुरलंय?"

डॉक्टरांनी तिला दहा मिनिटं शास्त्र समजावलं. गृहपाठ का झाला नाही हे ऐकताना ती जसा चेहरा करायची, तसाच चेहरा करून तिने ते ऐकलं. मग म्हणाली, "एकेक गिटार बंद करत जा. काही गेल्यासारखं वाटलं की मी हात वर करते."

पहिली बंद झाली. ताईचा हात मांडीवर. दुसरी, तिसरी, चौथी. सहावीला डॉक्टरांनीच हात वर केला.

"तुझा धरायचा नाहीये," ताई म्हणाली.

आठ गिटारी गेल्या तरी तिला काहीच गेल्यासारखं वाटलं नाही. नवव्या वेळी मात्र हात झटकन वर आला. "ही ठेव. हिच्यावर टेकून गायलेय मी."

ती पहिल्या दुपारची गिटार होती. तिच्यात दुसऱ्या कडव्याला डॉक्टरांचं बोट चुकलं होतं. ती एक चूक झाकायला त्यांनी एकीवर एक दहा गिटारी रचल्या होत्या, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदाच कबूल करावं लागलं, तेही मनातल्या मनात.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी गाणं खुर्चीपाशी न लावता बाहेर वाट बघणाऱ्यांच्या खोलीत लावलं. कुणाचं आहे ते सांगितलं नाही, आणि स्वतः दाराआड उभे राहिले. मधल्या व्हायोलिनांना लोक फोन बाहेर काढतात, हे त्यांना दिसलं. व्हायोलिनं गेली. एका आजोबांनी शेजारच्याला विचारलं, "ही पाटी म्हणतेय की माती?" तेव्हा घुमारा गेला. त्यांना प्रत्येक वेळी चावल्यासारखं होई, पण ते कापत गेले. गाणं नऊ ट्रॅकवर आलं. बोटाची चूक तशीच राहिली आणि तिच्याविषयी आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही.

पुरं झालेलं गाणं त्यांनी घराच्या वरच्या मजल्यावरच्या वकिलांना ऐकवलं. वकिलांनी डोळे मिटून ऐकलं.

"वा. किती स्वच्छ. नुसतं ताईंना बसवून रेकॉर्ड केलंत ना? तुम्ही यात काही केलंच नाहीत."

साडेपाच महिने डॉक्टरांच्या डोळ्यांपुढून सरकले. "हो," ते म्हणाले. मग दोन दिवस त्यांनी गिटारीला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी ते जिना चढून पुन्हा वर गेले आणि वकिलांना म्हणाले, "परवा तुम्ही अगदी बरोबर बोललात. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की यात कुणी काही केलंच नाही. हे मी पहिल्यापासून म्हणत आलोय."

वकिलांनी चार महिने संध्याकाळी फरशीतून त्या अकराही गिटारी ऐकल्या होत्या.

"पहिल्यापासून?" त्यांनी विचारलं.

"जवळजवळ," डॉक्टर म्हणाले.