काटा खोटं बोलत नव्हता

मी एक जुना तापमापक आहे. आजारी माणसाच्या काखेत बसतो तो नव्हे, हं! हातभर लांब स्टीलची सळई, वर बशीएवढी तबकडी आणि तिच्यात एक लाल काटा, एवढाच माझा संसार. माझा जन्म खतासाठी झाला.

मित्रांनो, फळांचे रस आणि डबाबंद भाज्या तयार करणाऱ्या एका कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी अकरा वर्षं नोकरी केली. पुढच्या दाराने चकचकीत डबे बाहेर जात आणि मागच्या दाराने साली, बिया, चोथा आमच्याकडे येई. खताचं काम एकहाती सांभाळणाऱ्या मावशी ते सगळं लाकडाच्या भुशात कालवून ढीग रचत आणि मला ढिगाच्या पोटात खुपसत. आतले डोळ्यांना न दिसणारे जीव कामाला लागले, की ढीग तापायचा. माझा काटा साठावर गेला, की मावशी ओरडायच्या, "आला गं बाई ताप! आता काळजी नाही." ताप आल्यावर इतकं खूश होणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. संध्याकाळी त्या मला फडक्याने पुसून खुंटीला टांगत. तेव्हा मला फार बरं वाटे.

मग कारखान्यात भाज्या मिठाच्या पाण्यात मुरवायचं काम सुरू झालं. खराब निघालेल्या भाज्या आणि ते खारं पाणी यांची पिंपंच्या पिंपं आमच्या ढिगांवर रिकामी होऊ लागली. मावशी कारखान्यात नुकत्याच आलेल्या नव्या साहेबांकडे गेल्या.

"साहेब, एवढं मीठ ढिगात नका हो घालू. आतले जीव मरतील."

"मावशी, कचरा तो कचरा. त्याला कसली आलीय चव?"

साहेबांनी त्यांचं म्हणणं कानामागे टाकलं. वर बजावलं, की महिनाभरात ढीग तापला नाही, तर शेड बंद आणि मावशींचं कामही बंद. माझा काटा उतरतच गेला. पन्नास, चाळीस, एकतीस. मावशी रोज ढीग उपसून पुन्हा रचत. पण मीठ काही उपसून निघत नाही. मला मावशींसाठी काटा वर न्यावासा वाटे, तो जाईना.

महिना संपला तसे साहेब आले. त्यांनी माझ्यावर टिचकी मारली. "हे मीटरच बिघडलंय."

"नाही साहेब. हात घालून बघा, आत गार आहे."

साहेबांनी हात खिशात घातला. सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं.

दुसऱ्या दिवशी कोरा करकरीत तापमापक आला. त्यानेही एकतीसच दाखवले. "म्हणजे खताचा प्रकारच फसवा," असं म्हणून साहेबांनी शेडला कुलूप लावलं. आता चोथा ट्रकमधून दूरच्या खड्ड्यात जातो आणि तिथे नुसता कुजतो. मावशींना उद्यापासून येऊ नका, असं सांगितलं. जाताना त्यांनी मला पुसलं आणि भंगाराच्या खोक्यात हळूच ठेवलं.

मित्रांनो, वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. पण मला तर रोज जपलं जात होतं. नुसतं जपून भागत नाही, सांगितलेलं ऐकावंही लागतं. तुम्ही ऐकाल, अशी आशा आता मी धरत नाही.

खोक्यात माझ्या शेजारी तो नवा तापमापक पडला आहे. त्याने जेमतेम एक दिवस काम केलं. तो सारखा मला विचारतो, "दादा, माझं काय चुकलं?"