ताईची वाऱ्यातली गोष्ट

माझी ताई बंदरात क्रेन चालवायची. तिच्याआधी तिथं कुठलीच बाई क्रेनवर चढली नव्हती. आणि बोलायला लागली की तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. भावोजी म्हणायचे, "क्रेनला ब्रेक आहे, हिला नाही."

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि हीच ताई मुकी झाली. उजवा हातही लुळा पडला. वाचा परत यावी म्हणून उपचार करणाऱ्या बाई तिला चित्रं दाखवायच्या. कप, खुर्ची, छत्री. ताईला ओळखू सगळं यायचं, शब्द तेवढा सापडायचा नाही. मग ती चिडून चित्रं भिरकावून द्यायची.

एकदा जेवताना मी भावोजींशी बोलत होतो, वादळात ताईनं कंटेनर कसा उतरवला ते. "वारा समोरून होता," मी म्हणालो.

"मा... मागून," ताई म्हणाली.

आमचे घास हातातच राहिले. भावोजींनी हळूच विचारलं, "मग?"

"हलत होता. थांबले. थांबले मी."

हे ऐकल्यावर बाईंनी चित्रं कपाटात ठेवून दिली. "सुटा शब्द येत नसेल तर गोष्टीतून येऊ दे," त्या म्हणाल्या. "गोष्टीत एक शब्द दुसऱ्याला ओढून आणतो. आणि सांगून झालं की लिहायचंही. मेंदूला जुनी वाट बंद झाली तरी नवी पाडता येते."

ताई रोज तीच गोष्ट सांगू लागली, डाव्या हातानं लिहू लागली. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण लिहिता लिहिता खालून हात करणारा मुकादम आठवला, केबिनची थरथरणारी काच आठवली. मी मध्येच शब्द पुरवला की डोळे वटारायची.

पुढं बंदरातल्या नव्या चालकांसमोर बोलायला तिला बोलावणं आलं. काठी टेकत ती उभी राहिली. गोष्ट रंगली आणि ऐन मोक्याला अडली. मला शब्द माहीत होता, पण मी ओठ मिटून बसलो.

ताई छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "झोका. झोका मंदावू द्यायचा. मगच उतरवायचं."

एका मुलीनं विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली की. खाली उतरल्यावर. वर वेळ कुठं होता?"

सगळे हसले. शेजारच्या माणसाला मी म्हणालो, "माझी बहीण आहे ती."

"हो, साहेब," तो म्हणाला, "मघापासून तेच सांगताय."