गव्हाचा नेम

आमची सुशीला नेमाची बाई. भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये सगळा संसार झाला, पण तिचा एकही चातुर्मास सुटला नाही. मी विजेच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. देवाचं डिपार्टमेंट तिच्याकडे, हे लग्नातच ठरून गेलं होतं.

त्या वर्षी आमची नलिनी खंगत चालली होती. कॉलेजात जाणारी पोर, पण अंगावर मांस नाही, पोट कायम बिघडलेलं, कोपरं-गुडघे खाजऱ्या फोडांनी भरलेले. दवाखान्याने खरूज म्हणून मलमं दिली. गुण काडीचा नाही. शेवटी सुशीलेने आषाढी एकादशीला लेकीसाठी गहू सोडला, कार्तिकीपर्यंत. सिहोरच्या शरबती गव्हाची पोळी म्हणजे तिचा जीव की प्राण, म्हणून गहूच. ‘आई खात नाही, तर मीही नाही,’ म्हणत नलूनेही सोडला. दोघी भाकरी खायच्या.

आणि पोर सुधारली हो! पोट ताळ्यावर आलं, फोड सुकले, गणपतीत ती जिना पळत चढायला लागली.

दसऱ्याच्या सुमारास दवाखान्यात नवा डॉक्टर आला. नलूची जुनी हकिकत ऐकून त्याला अंगाला गहू न सोसण्याच्या आजाराची शंका आली. त्याने तिचं रक्त तपासायला मुंबईला पाठवलं. सध्या काय खातेस, हे त्याने विचारलं नाही. नेमाधर्माचं डॉक्टरला काय सांगायचं, म्हणून आम्हीही बोललो नाही. रिपोर्ट स्वच्छ आला. सुशीलेने देवापुढे साखर ठेवली. कार्तिकी झाल्यावर नेमाचं उद्यापन केलं आणि पहिली पुरणपोळी नलूच्या ताटात वाढली.

पुन्हा पोट बिघडलं, पुन्हा फोड उठले. रिपोर्ट स्वच्छ, मग गव्हाकडे कोण बघतो! पोटाचा क्षय म्हणून औषधं सुरू झाली. ताकद यावी म्हणून सुशीला तिला दलिया, रव्याची खीर, दुधात कुस्करलेली पोळी घास घास भरवायची. होळीच्या आधी नलू गेली.

‘माझ्या नेमात काय हो उणं राहिलं?’ सुशीला विचारायची. मला तिच्या देवाचा संताप यायचा.

पुढे माझ्याच कोपरांवर तसले फोड आले. साकेत नगरातल्या डॉक्टरीणबाईंनी ते पाहिले आणि आधी हेच विचारलं, “अंकल, गेहूँ खा रहे हैं ना? टेस्ट तक बंद मत कीजिए. महीनों पहले छोड़ दिया तो खून में कुछ मिलेगा ही नहीं.”

नलूचं रक्त तपासलं, तेव्हा ती तीन महिने भाकरीवर होती. बंद मोटारीला हात लावून ती तापते की नाही, हे कळतं होय? जन्मभर हेच काम केलं मी. सुशीलेचा नेमच औषध होता. विष होतं ते तिने मायेने भरवलेले घास.

माझ्या रक्तात आजार निघाला. बापाकडून लेकराला येऊ शकतो, असं बाई म्हणाल्या. त्यांच्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर येऊन मी भर रस्त्यात रडलो.

घरी सुशीलेने पान वाढलं. मी पोळी बाजूला सारली.

“बरं नाही का?” तिने विचारलं.

“नलूसाठी नेम धरलाय. आजपासून गहू बंद.”

तिने पोळी परत डब्यात ठेवली. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “तेव्हा धरला असतात, तर दोघांचं मिळून देवाने ऐकलं असतं हो.”

“हो गं,” मी म्हणालो, “चुकलंच माझं.”

तिने माझ्यासाठी ज्वारीचं पीठ मळायला घेतलं.