आतला लिफाफा

ऑक्टोबरभर डेल्बर्ट हुडाकच्या पोटात दुखत होतं आणि त्यावर कुठल्याही डॉक्टरकडे औषध नव्हतं. टीव्हीवाल्यांनी त्याच्या बायकोला निवडलं होतं, त्याला नाही.

खरं तर फोन आधी त्यानेच उचलला होता. "सर, यंदा मत कुणाला द्यायचं ते ठरलंय का?" चॅनेलच्या मुलीने गोड आवाजात विचारलं. डेल्बर्ट ताठ झाला. चव्वेचाळीस वर्षं एकाच पक्षाला मत, उमेदवारांचा एकही वादविवाद चुकवलेला नाही, कोण कुठल्या मुद्द्यावर जिंकलं त्याचे गुण मांडलेल्या नऊ वह्या कपाटात, असं सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. मुलगी म्हणाली, "वा, छान. घरात आणखी कुणी आहे का?" वर्नाने हात पुसत फोन घेतला. "माझं बाई अजून काही ठरलेलं नाही," ती म्हणाली.

झालं, वर्नाचं नशीब उघडलं. अख्ख्या पेनसिल्व्हेनियात न ठरलेला माणूस दिवा घेऊन शोधावा लागतो आणि इथे तो स्वयंपाकघरातच सापडला होता. पहिल्या वादविवादाला चॅनेलने गाडी पाठवून तिला शहरात नेलं आणि आणखी अकराजणांबरोबर बसवलं. प्रत्येकाच्या हातात एक बटण होतं. बोलणं पटलं तर उजवीकडे फिरवायचं, नाही पटलं तर डावीकडे. शेवटी माइक समोर आला तेव्हा वर्ना एवढंच म्हणाली, "दोघंही छान बोलले. पण मी अजून ऐकतेय." डेल्बर्टच्या नऊ वह्यांत इतकं पोकळ वाक्य सापडलं नसतं. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या डायनरमध्ये लोक तिच्यासाठी उठून खुर्ची देत होते.

मग घरी वर्दळ सुरू झाली. समोरच्या पक्षाचा ट्रेंट नावाचा एक देखणा कार्यकर्ता दर गुरुवारी यायचा, थेट डेल्बर्टच्या आरामखुर्चीत बसायचा आणि "मिसेस हुडाक, तुमचं मत फार मोलाचं आहे," असं म्हणत वर्नाने केलेला भोपळ्याचा केक दोनदा मागून खायचा. वर्ना हसायची. असं हसलेलं डेल्बर्टने कैक वर्षांत ऐकलं नव्हतं. तो स्वतःच्या पक्षाच्या कचेरीत अंगणात लावायची उमेदवाराच्या नावाची पाटी मागायला गेला, तर तिथला माणूस म्हणाला, "संपल्या रे. आणि तुला कशाला हवी? तू तर आपलाच." जाता जाता त्याने वर्नासाठी मात्र दोन पाट्या हातात ठेवल्या. डेल्बर्ट त्या काखेत मारून घरी आला आणि जेवलाच नाही.

दुसऱ्या वादविवादाला तीन दिवस उरले असताना रिमोटसाठी सेल शोधायला त्याने स्वयंपाकघरातला खण उघडला. रबरबँडच्या गुंत्याखाली एक पिवळा लिफाफा होता. त्यावर 'अधिकृत मतपत्रिका' असं छापलेलं होतं आणि तो रिकामा होता. खाली पोस्टाची पावती होती, एकोणतीस सप्टेंबरची.

डेल्बर्ट दर निवडणुकीला गावच्या अग्निशमन केंद्रातल्या मतदानाच्या टेबलावर मतदारांची नावं तपासायला बसायचा, त्यामुळे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वर्नाचा गुडघा दुखत असल्याने यंदा तिने टपालाने मत मागवलं होतं. तो समजत होता की मतपत्रिका पावाच्या डब्यामागे पडून आहे. ती तर पहिल्या वादविवादाच्या दोन दिवस आधीच पोस्टात पडली होती. सगळा देश जिच्या तोंडाकडे पाहत होता, ती केव्हाच मत देऊन मोकळी झाली होती.

दुसरी गोष्ट त्याहून गोड होती. मतपत्रिका आधी या पिवळ्या लिफाफ्यात घालायची आणि मग बाहेरच्या. आतला राहिला की मत बाद. दरवर्षी काही माणसं ही चूक करतातच. ट्रेंटच्या उमेदवाराचं एक मत कमी झालं, असं डेल्बर्टने मनाशी पक्कंच धरलं. ट्रेंट उंबऱ्यावर आला तोच मुळी मत पोस्टात पडल्यावर, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्याने लिफाफा घडी करून शर्टाच्या खिशात घातला आणि तीन दिवस शर्ट धुवायला टाकला नाही.

दुसरा वादविवाद त्याने अग्निशमन केंद्रात गावकऱ्यांबरोबर पाहिला. पडद्यावर वर्ना दिसली तशी टाळ्या पडल्या. निळा कोट, नवे केस. "अजूनही ठरत नाहीये," ती म्हणाली. शेजारच्या क्लेमने डेल्बर्टला कोपराने ढोसलं. "देश अडलाय रे तुझ्या बायकोवर. घरी तरी सांगते का तुला काही?" डेल्बर्टचा हात खिशाकडे गेला. एक शब्द बोलला असता तर सगळा भाव उतरला असता तिचा. पण मग लोक म्हणाले असते, घरात राहून याला पत्ता नाही. त्याने हात खाली घेतला.

सकाळी नाश्त्याला त्याने लिफाफा तिच्या बशीशेजारी ठेवला.

वर्नाने टोस्ट खाली ठेवला. "बरं. दिलंय मत. मग?"

"सगळ्या देशाशी खोटं बोललीस."

"एका चॅनेलशी बोलले. आणि माझ्या बाजूला बसते ना, तिनेही दिलंय. बाथरूममध्ये सांगितलं आम्ही एकमेकींना."

"मग ते बटण कशाला फिरवत होतीस?"

"तो दुसरा हसला की उजवीकडे. तुझा माणूस बोट नाचवायला लागला की डावीकडे. मजा येते."

"तुला लाज नाही वाटत?"

"तू फोनवर ठरलंय म्हणालास, तर काय झालं पाहिलंस ना? कुणी पुढे एक शब्द विचारला का?" वर्नाचा आवाज चढला नाही. "वादविवाद संपला की तू मला सांगतोस कोण जिंकलं. एक्केचाळीस वर्षं मी त्याच कोचावर बसलेली असते, डेल. 'तुला काय वाटलं गं?' असं एकदा तरी विचारलंस?"

मला तरी कोण विचारतं, हे डेल्बर्टच्या अगदी ओठावर आलं होतं. तो चिडला होता आणि त्याला रडूही येत होतं. गप्प बसणं सोपं होतं. लिफाफ्याचा अर्थ तिला कळलाच नव्हता. पण मतदानाच्या टेबलावर बसून त्याने आजवर कुणाचंही मत वाया जाऊ दिलं नव्हतं, पक्ष कुठलाही असो.

"हा आत घालायचा असतो," तो म्हणाला. "नाही घातला तर मत मोजत नाहीत."

वर्नाचा चेहरा उतरला. "मग आता?"

"मतदानाच्या दिवशी केंद्रावर ये. तात्पुरती मतपत्रिका देतो. टपालाचं बाद झालं की ती मोजतात."

तिने लिफाफा उलटून पाहिला आणि तिला हसू फुटलं. "म्हणजे तुझ्याच माणसाचं मत बुडत होतं की रे."

"माझ्या?"

"त्यालाच दिलं होतं. दरवेळी तुझ्याच माणसाला देते, डोक्याला ताप नको म्हणून." तिने बोटाला लागलेला जॅम चाटला. "आता मात्र विचार करायला हवा. आता खरंच ठरलेलं नाही."

मतदानाच्या दिवशी डेल्बर्टने सकाळी सातला स्वतःचं मत दिलं. त्याला एक मिनिटही लागलं नाही. वर्ना अकराच्या सुमारास आली. त्याने नियमाप्रमाणे तिला नाव विचारलं, तिने सांगितलं. मतपत्रिका आणि दोन लिफाफे देताना तो म्हणाला, "आतला विसरू नकोस."

मत देण्यासाठी लावलेल्या आडोशाखाली तिचे तपकिरी बूट दिसत होते. दरवेळी त्याची कॉफी गार होण्याआधी ती बाहेर यायची. आज भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं झाली तरी बूट हलले नाहीत. ती कुणाचा विचार करतेय? ट्रेंटचा, त्या हसणाऱ्याचा, की आणखी कुणाचा? वहीत मांडता येईल असं काहीच त्याच्या हाती नव्हतं.

ती आली. लिफाफे बंद केलेले, सही केलेली. त्याने 'मी मत दिलं' असं लिहिलेला स्टिकर तिच्यापुढे धरला आणि टेबलावर वाकून अगदी हळू विचारलं, "वर्ना, तुला काय वाटलं गं शेवटी?"

वर्नाने स्टिकर कोटाला लावला, बोटाने नीट दाबला.

"सहा वाजता चॅनेलची मुलगी येणार आहे विचारायला," ती म्हणाली. "तेव्हा ऐक."

ती लंगडत दाराकडे गेली. डेल्बर्टने यादी जवळ ओढली.

"नाव?" त्याने पुढच्या माणसाला विचारलं.