वामनरावांची काळी टोपी

वामनरावांच्या भयकादंबऱ्या वाचून सारे वऱ्हाड पाय पोटाशी घेऊन झोपते, असे वामनराव स्वतःच सांगत. १९६४ साली त्यांची एकसष्टी आली आणि आपल्या आयुष्यावर एक नाटक व्हावे असे त्यांना वाटू लागले. अमरावतीच्या आमच्या शाळेला त्यांनी रंगमंचासाठी मखमली पडदा कबूल केला. हेडमास्तरांनी लगेच सातवीच्या मुलांचे नाटक बसवायचे काम मला दिले.

मी मुलांना संवाद लिहून देत नसे. घरीदारी विचारून यायचे, कळले ते करून दाखवायचे, जमले ते ठेवायचे. वामनरावही एकच नव्हता. काळी टोपी ज्याच्या डोक्यावर, तो वामनराव.

एकदा स्वतः वामनराव तालीम पाहायला आले.

"माझी प्रतिभा दिसली पाहिजे," ते म्हणाले.

"थे कशी दाखवाची जी?" चंद्रभानने विचारले. वर्गातला सगळ्यात आगाऊ मुलगा.

"डोळे मोठे करायचे!"

ते गेल्यावर मुलांनी आठवडाभर डोळे मोठे केले. प्रतिभा म्हणण्याजोगे दुसरे काही त्या माणसात सापडलेही नाही.

मग पंचफुलाची पाळी आली. तिचे वडील कचेरीत शिपाई होते. घर मूळचे दर्यापूरचे, म्हणजे वामनरावांच्याच गावचे. टोपी हातात घेऊन ती नुसती उभी राहिली.

"गुरुजी, त्याईच्या पुस्तकातली उलट्या पायाची हडळ माही आजी हाये."

मुले हसली. ती हसली नाही. तिची आजी चतुराबाई सुईण होती. कापसाच्या जिनात मजुरी करताना रुईची गाठ पडून तिचा एक पाय वाकडा झाला होता. वामनरावांच्या पहिल्या मुलाचे बाळंतपण तिनेच केले. पुढे वामनरावांनी कादंबरी लिहिली. तिच्यात उलट्या पायाची सुईण होती आणि तिचा हात लागलेले पोर महिन्यात मरत होते. झोपडी तीच, दारातला शेवगाही तोच.

"मंग कोन बलावते आजीले?" पंचफुला म्हणाली. "एकानंबी नाई बलावलं."

"अन् त्याईचं पोरगं? मेलं का?" चंद्रभानने विचारले.

"काहून मरीन? वकील हाये अकोल्याले."

"हे करशील सगळ्यांसमोर?" मी विचारले.

"आजी पाहाले आली तं करतो."

हेडमास्तरांच्या कानावर गेले. "गुरुजी, पडदा अजून यायचा आहे," ते म्हणाले.

"पडद्यावाचून चालेल," मी म्हणालो.

संमेलनात वामनराव शाल पांघरून पहिल्या रांगेत बसले. पंचफुलाने टोपी घातली. लुगडे नेसून चंद्रभान लंगडत आला आणि त्याने तिच्या हातात बाळ ठेवले. बाळ घेऊन तिने पाठ फिरवली आणि दौत ओढली. "हिले उलटे पाय लावतो. लोक भेतीन, पुस्तक खपीन."

वामनरावांनीच टाळी वाजवली. "वा! माझ्या कल्पनेवर मुलांनी झकास रचले."

"कल्पना नाई जी," पंचफुला रंगमंचावरून म्हणाली. "थे पाहा, बसली तथी."

बायकांच्या रांगेतून चतुराबाई उठली आणि पाय ओढत वामनरावांसमोर येऊन उभी राहिली.

"वळखलं का मले? बाबू बरा हाये ना तुमचा?"

वामनरावांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. वर धोतराचा सोगाही सावरून धरला, तिला लागू नये म्हणून. तिला भ्याले की तिचा विटाळ मानला, ते त्यांचे त्यांना ठाऊक. मागून कोणीतरी ओरडले, "अव माय, हडळीचा बापच भेला!"

पुढचे कोणाला ऐकूच आले नाही, इतके लोक हसले. चतुराबाई मात्र तशीच उभी होती. ती उत्तराची वाट पाहत होती. वामनराव शाल सावरत निघून गेले.

पडदा आला नाही. अकोल्याहून नाटक करायचे बोलावणे मात्र आले. जाण्याआधी मुलांनी शेवटचा प्रसंग बदलला. पंचफुला चंद्रभानला म्हणाली, "टोपी तू घे. लुगडं मले दे."

अकोल्याला चंद्रभानने खुर्चीवर पाय घेतले आणि पंचफुलाने आजीच्या आवाजात विचारले, "बाबू बरा हाये ना तुमचा?"

पहिल्या रांगेत वामनरावांचे वकील चिरंजीव बसले होते. ते चष्मा पुसू लागले आणि पुसतच राहिले.

पंचफुला जागची हलली नाही. प्रश्न विचारला की उत्तरासाठी थांबायचे, घाई करायची नाही, हे मीच तिला शिकवले होते.