सासूबाईंच्या खोलीची डबी

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात इंजिनीयर असलेल्या चारुदत्तचं घरातही आकड्यांवाचून पान हलायचं नाही. त्यांच्या नव्या घरात फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत बिनतारी थर्मोस्टॅटची एक सुटी पांढरी डबी होती. डबीनं आपल्या आसपासची हवा किती गरम आहे ते तळघरातल्या यंत्राला कळवायचं, आणि यंत्रानं त्या डबीच्या खोलीचं पाणी सोडायचं किंवा बंद करायचं. हे त्यानं बायकोला, ऊर्मिलाला, इतक्यांदा समजावलं होतं की पोटातल्या बाळालाही पाठ झालं असावं.

आणि एवढा सगळा जामानिमा असून त्याच्या आई गारठल्या होत्या!

शैलाताई सुनेच्या बाळंतपणासाठी सांगलीहून आल्या होत्या. "अरे, पाय नुसते बर्फ होतात रे," त्या म्हणायच्या. की चारुदत्त धावला तळघरात! तिथल्या पडद्यावर बघून वर यायचा आणि जाहीर करायचा, "आई, तुझ्या खोलीत बावीस आहे. तुला उगाच वाटतंय." आईच्या खोलीत जाऊन फरशीला हात लावून बघावं, हे काही त्या हुशार डोक्यात शिरलं नाही.

शेवटी एका सकाळी चहा पिता पिता शैलाताई म्हणाल्या, "मला आपलं परत पाठवा. इथली हवा काही मानवत नाही मला."

"गेनाऊ, अगदी बरोबर, तब्येत आधी," चारुदत्त म्हणाला आणि लगेच विमानं शोधायला बसला. धन्य तो मुलगा!

ऊर्मिलाचा आठवा महिना सरत आला होता. तिची स्वतःची आई आजारी, हॉस्पिटलात सगळं जर्मन, आणि आता घरात जाणतं बाईमाणूसही नाही. पण थंडीनं कुडकुडणाऱ्या म्हातारीला थांबा म्हणायचं कुठल्या तोंडानं? तिनं चहाबरोबर शब्द गिळून टाकले.

चारुदत्त कामावर गेल्यावर ती सासूबाईंची बॅग भरू लागायला गेली. पाय सुजले होते, सपाता चढत नव्हत्या, म्हणून अनवाणीच निघाली. त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं मात्र, "अगं बाई!" म्हणून ती मागेच सरली. फरशी गारढोण! कसले बावीस नि कसलं काय. तिनं फळीवर बघितलं, तर डबी गायब.

"आई, इथली डबी कुठाय?"

शैलाताईंनी घातलेली साडीची घडी मोडून पुन्हा घालायला घेतली. "असेल कुठंतरी."

"अहो आई!"

"तुझ्या खोलीत आहे. कपाटावर, उशांमागे." मग त्या चोरी पकडल्यासारख्या भराभरा बोलायला लागल्या. "एवढ्याशा डबीनं तुम्हा दोघा जिवांचं काय होणार? म्हटलं, माझीही तिथंच ठेवावी, जरा जास्त ऊब मिळेल. मी काय, दोन रग घेऊन निजते."

ऊर्मिलाला हसू की रडू असं झालं. "अहो, त्या डबीत ऊब नसते हो! तुमची डबी माझ्या गरम खोलीत बसून सांगत राहिली, इथं बक्कळ ऊब आहे. म्हणून यंत्रानं तुमचंच पाणी बंद केलं."

"म्हणजे तुला काडीचा उपयोग नाही आणि मी फुकट कुडकुडले?" शैलाताई कडाडल्या. "आणि आमचे चिरंजीव खाली जाऊन काय बघत होते, माझं कपाळ?"

"आमच्या खोलीतले बावीस."

दोघी इतक्या हसल्या की ऊर्मिलाला पोट धरून बसावं लागलं. मग तिनं डबी आणून फळीवर ठेवली. "संध्याकाळपर्यंत तापेल बघा फरशी," ती म्हणाली.

शैलाताईंनी मान हलवली आणि पुढची साडी बॅगेत ठेवली. मग आणखी एक.

आता मात्र ऊर्मिलाला राहवेना. "आई, नका ना जाऊ. मला फार भीती वाटते हो. तुम्ही हव्या आहात मला."

शैलाताई मटकन पलंगावर बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अगं, मग हे सकाळी नाही का बोलायचं? जाते म्हटलं, तर कुणी राहा म्हणेना. मला वाटलं, अडचण होतेय तुम्हाला माझी." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि सुनेचा हात घट्ट धरला. "ऊठ, त्या गाढवाला फोन लाव. मी बोलते त्याच्याशी."